परळ : बेटाचे गाव, गावांची मुंबई
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणातल्या किंवा घाटावरच्या कोणत्याही जुन्या देवळात जावे आणि देणगीदारांची पाटी वाचावी. नावे गावातली, आडनावे गावातली. पण पत्ता विचारला तर परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी, नायगाव, डिलाईल रोड! गावच्या देवाला कळस चढला तो गावच्या शेतावर नव्हे. भात तर घरात खायलाच पुरत नसे. तो चढला परळच्या पगारावर. तेव्हा देवळाच्या मांडवात परळची कथा सांगणे हे वाट चुकणे नव्हे. ज्या गावाने आपली देवळे उभी केली, ते परळ स्वतःही एकेकाळी एक वेगळे गाव होते. नुसते गाव नव्हे, चहूबाजूंनी पाणी असलेले स्वतंत्र बेट होते. त्याचे वेगळेपण कसे गेले आणि त्यातून काय उरले, हे प्रत्येक गावाने ऐकण्यासारखे आहे.

आजची मुंबई पूर्वी सात बेटांची होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती बेटे. माटुंगा, शीव यांच्याकडचा भागही परळच्याच बेटात मोडे. भरतीला मध्ये पाणी, ओहोटीला चिखल आणि खाजण. बेटावर भातशेती, ताडामाडाची झाडे, मासेमारी आणि मिठागरे. कोकणच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको, त्याच्या दारातलेच ते आहे. 'परळ' हे नाव कशावरून पडले याविषयी दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतात, तेथे पाडळीची झाडे पुष्कळ होती, त्यावरून. कोणी म्हणतात, परळी वैजनाथाच्या नावाने तेथे महादेवाचे देऊळ होते, त्यावरून. झाडावरून असो वा देवावरून, गावाला नाव मिळण्याची रीत सगळीकडे हीच.

परळच्या देवाचा पुरावा मात्र केवळ सांगोवांगीचा नाही. १९३१ साली तेथे रस्ता तयार करण्याचे काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. दहा फुटांहून उंच अशा त्या एकाच अखंड दगडात शंकराची सात रूपे कोरलेली आहेत. मध्यभागी एकावर एक तीन मूर्ती, दोन्ही बाजूंना त्यांतून उमलल्यासारख्या आणखी चार, आणि पायाशी वाद्ये वाजवणारे गण. जाणकारांनी ती पाचव्या-सहाव्या शतकातली ठरवली. म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळाच्या आसपासची. कोरीवकाम काही ठिकाणी अपुरे राहिलेले दिसते. अशा वस्तूची जागा आता वस्तुसंग्रहालयात, असे कोणीही म्हटले असते. पण मूळ शिळा परळच्या बारादेवी मंदिरातच राहिली आणि पूजेत राहिली. त्या वेळी ज्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, त्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिचा साचा घेऊन केलेली प्रतिकृती ठेवली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा देव आजही वस्तीतल्या लोकांच्या हातचे फूल घेतो, ही परळची पहिली श्रीमंती होय.

पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. परळला ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. तो इंग्रजांनी १७१९ च्या सुमारास ताब्यात घेतला. पुढे १७७१ मध्ये गव्हर्नर हॉर्नबी तेथे राहायला आला आणि परळ हे मुंबईच्या लाटसाहेबांचे गाव झाले. बाग, तळे, मेजवान्या, घोडागाड्या. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांचा मुक्कामही तेथेच होता.

याच हॉर्नबीच्या काळात परळचे बेटपण संपायला सुरुवात झाली. वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या खिंडारातून समुद्राचे पाणी आत घुसे आणि मधली सारी जमीन बुडवून टाकी. ते खिंडार बांध घालून बुजवण्याचे काम १७८४ च्या सुमारास पुरे झाले. या बांधाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बांध पुनःपुन्हा ढासळे. तेव्हा रामजी शिवजी प्रभू या कामावरच्या माणसाला स्वप्नात देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती वर निघाल्या, बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. आख्यायिका ती आख्यायिका. पण बांध पडल्यावर खाजण आटले, ओहोटीची वाट बारमाही झाली, पुढे आणखी बांध व भराव झाले आणि १८३८ पर्यंत सात बेटांची एक मुंबई झाली. परळच्या चारी बाजूंचे पाणी गेले. नकाशावरून बेट पुसले गेले, नाव तेवढे राहिले.

पाणी हटून निघालेली ही सपाट जमीन स्वस्त होती आणि मोकळी होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवला गिरणी चालू झाली. मग गिरण्यांची रांग उत्तरेकडे सरकत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी इथपर्यंत पसरली. परळला रेल्वेचा कारखानाही आला. लाटसाहेबांच्या बागेवर धूर येऊ लागला. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे त्या बंगल्यात पटकीने निधन झाले आणि १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला हलले.

बंगला रिकामा पडला, पण वाया गेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. डॉक्टर हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या जुन्या बंगल्यात आली. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन संस्था आहे. जेथे मठ होता तेथे मेजवान्या झडल्या, आणि जेथे मेजवान्या झडल्या तेथे लस तयार झाली. वास्तूचाही जीर्णोद्धार असा होतो. नुसत्या चुन्या-रंगाने होत नाही, उपयोगाने होतो.

साहेब गेले आणि चाकरमानी आले. रत्नागिरीतून, सावंतवाडीकडून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून, पुणे-नगरकडून माणसे आली. कोणाचा धाकटा भाऊ, कोणाचा मेहुणा, कोणाचा वाडीतला शेजारी. एकाने दुसऱ्याला आणले आणि जॉबरच्या पाया पडून बदली म्हणून चिकटवले. गिरणीचा भोंगा हेच घड्याळ. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होई. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका. ज्याची ट्रंक तेवढेच त्याचे घर. जेवण खानावळीचे. या खानावळी चालवणाऱ्या बायांच्या कष्टांची नोंद फार थोड्यांनी ठेवली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे या बायांना सावकाराच्या तावडीतून सुटायची वाट दिसली.

या खोल्यांचे वैशिष्ट्य असे, की त्या बहुधा एका माणसाच्या नसत, एका गावच्या असत. गावकीची खोली! दर महिन्याला वर्गणी, वर्गणीचा हिशेब, हिशेबाची वही. कोणी मयत झाले तर तिरडीचा खर्च त्यातून. कोणाची नोकरी गेली तर दोन महिन्यांची उधारी त्यातून. खोलीच्या कोनाड्यात ग्रामदेवतेची तसबीर, शनिवारी भजन, गणपती-शिमग्याला गावी जाण्याची लगबग. परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणीतलेच कामगार रात्रपाळी चुकवून नाटके करत. तेथे दशावतार झाला, शक्ती-तुरा झाला. लालबागच्या बाजारातल्या कोळी आणि छोट्या विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला आणि १९३४ मध्ये तिथला गणपती बसला. म्हणजे असे झाले, की परळ हे गाव मुंबईत मिसळून गेले आणि शेकडो गावे येऊन परळात मिसळली. ज्याने आपले बेटपण गमावले, त्याच्या अंगणात दुसऱ्यांची गावे जिवंत राहिली.

या चित्राची दुसरी बाजूही देवळाच्या मांडवात सांगितली पाहिजे. गावातली एकी परळला आली तशी गावातली शिवाशिवही आली. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. परंतु तेथे धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. भोंगा सर्वांना एक, घाम सर्वांचा एक, पण सुताला शिवण्याची बंदी! याच परळात पोयबावाडीच्या चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड वीस वर्षांहून अधिक काळ होते. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये त्यांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी झाली. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात साचेखाते सर्वांना खुले करा, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. परळने देशाला कापड दिले तसा हा प्रश्नही दिला, आणि त्याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापल्या देवळाच्या उंबरठ्यावर द्यायचे आहे.

परळच्या वाढीत संस्थांचा वाटाही मोठा आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, कामगारांसाठी सहकार हे काम तिने परळ भागात रुजवले. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील सर्व अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. गुलामीच्या काळात देणगीला अशी अट घालण्याचा करारीपणा ज्यांनी दाखवला, त्यांची आठवण आजच्या देणगीदारांनीही ठेवावी. त्याच सुमारास वाडियांची प्रसूतिगृह आणि मुलांचे रुग्णालय ही दोन रुग्णालये झाली आणि १९४१ मध्ये कर्करोगासाठी टाटा रुग्णालय उभे राहिले. आज या गावातून कोणाला असाध्य दुखणे घेऊन मुंबईला जायचे झाले, तर बोलता बोलता तोंडात येणारे नाव परळचेच असते.

शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांचे पोवाडे याच गिरणगावाने डोक्यावर घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येथील कामगार मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे राज्य झाले, त्याच्या पायात परळ-लालबागच्या चाळींतले रक्त आहे.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. महिने गेले, वर्षे गेली. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. इतर काही गिरण्या कशाबशा चालू झाल्या. पण पूर्वीची माणसे पूर्वीच्या संख्येने कामावर परत गेली नाहीत. त्याआधीच यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजारात आले होते, गिरण्यांतली यंत्रे जुनी झाली होती, आणि गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग होऊ लागली होती. संपाने हे सारे एकदम उघडे पाडले. खोलीतल्या ट्रंका एकेक करून एस.टी.च्या टपावर चढल्या. बायकांनी भाजी विकली, शिवणकाम केले, घरकामे धरली. मनिऑर्डर थांबली. अनेक गावांत देवळाची कामे अर्ध्यावर राहिली, ती याच वर्षांत.

पुढचा अध्याय जमिनीचा. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या भागापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. चिमण्या पडल्या, त्या जागी काचेच्या कचेऱ्या, दुकानांचे महाल आणि उंच मनोरे झाले. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तोवर कित्येकांची वाट पाहणारी डोळ्यांची ज्योतच विझली होती. वस्ती बदलली, पण वाटा जुन्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. गव्हर्नराचे नाव गेले, ग्रामदेवतेचे आले. हे योग्यच झाले. परंतु नाव देवीचे दिले की माणसाच्या चालण्याची वाटही रुंद करावी लागते, हेही तितकेच खरे.

आता परळमध्ये काय उरले? बेट गेले, मिठागरे गेली, लाटसाहेब गेले, गिरण्या गेल्या. परंतु बारादेवीतली शिळा आहे. हाफकिन आहे, केईएम आहे, टाटा आहे. गणपती बसतो. काही चाळींत गावकीच्या खोल्या अजून आहेत आणि त्यांच्या वह्याही आहेत. नीट पाहिले तर लक्षात येते, की ज्या गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या होत्या, त्या मालकाच्या सोयीने गेल्या. ज्या गोष्टी सर्वांच्या वर्गणीने, सर्वांच्या उपयोगासाठी, सर्वांच्या देखरेखीखाली चालल्या, त्या पुष्कळशा टिकल्या. परळच्या दीड हजार वर्षांतून गावाने घेण्यासारखा धडा हाच आहे.

तो या मंदिरालाही लागू आहे. पूर्वी देवळाचे काम निघाले की मंडळी परळला पत्र टाकीत आणि निश्चिंत होत. ती सोय आता उरलेली नाही. चाकरमान्यांची पुढची पिढी बदलापूरला, विरारला, पनवेलला पांगली. त्यांचे हात आखडलेले नाहीत, हे या सोहळ्याने दाखवून दिलेच. पण एका खोलीत तीस माणसे असताना एका हाकेला जी तीस माणसे मिळत, ती आता तीस घरी जाऊन मिळवावी लागतात. तेव्हा वार्षिक खर्चाची तजवीज गावानेच गावात केली पाहिजे. मुंबईची देणगी कळसाला असावी, दिवाबत्तीला नसावी.

दुसरे काम नोंदीचे. ज्यांनी चार आणे, आठ आणे वर्गणी देऊन हे देऊळ राखले, त्यांच्या पावत्या, खोल्यांच्या वह्या, मंडळाच्या बैठकांची टिपणे जुन्या ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. त्यांतले पत्ते ज्या चाळींचे आहेत त्यांपैकी अनेक चाळी आता नाहीत. त्या वह्या वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी देवळात आणून ठेवाव्यात. संगमरवराच्या पाटीवर हजारांची नावे चढतात. चार आण्यांची नावे फक्त त्या वहीत आहेत.

आणि तिसरे काम उंबरठ्याचे. साचेखात्याचे दार ज्यांना बंद होते त्यांच्या घरच्या मनिऑर्डरी गावाला येत होत्या, त्यांनी गाव जगवले. जीर्णोद्धारानंतर गाभाऱ्यापर्यंतची वाट, पालखीचा खांदा आणि महाप्रसादाची पंगत गावातल्या प्रत्येक वाडीची असली, तरच हा जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.

रस्ता खणताना निघालेला देव परळच्या माणसांनी आपल्यातच ठेवला, त्याच्यासमोर दिवा लावत राहिली, आणि भोवतालचे सारे बदलले तरी तो दिवा विझू दिला नाही. या गावाच्या हातूनही तेवढेच घडो. ग्रामदेवता सर्वांना, गावात राहणाऱ्यांना आणि गावाबाहेर राबणाऱ्यांना, सारखाच आशीर्वाद देवो.